कागदी तिकीट हद्दपार करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्रीडासामन्यांची तिकिटे केवळ मोबाइलवरच देण्याची पद्धत आता रूढ होत आहे. दर काही सेकंदांनी बदलणाऱ्या बारकोडमुळे स्क्रीनशॉट काढून एकच तिकीट अनेकांना विकण्याच्या प्रकाराला आळा बसतो, हे मला मान्य आहे. परंतु हजारो प्रेक्षक एकाच वेळी प्रवेशद्वाराशी जमले की नेटवर्क कोलमडते आणि पूर्ण पैसे मोजलेला माणूस बाहेर ताटकळत राहतो. २०२२ च्या कतारमधील फुटबॉल विश्वचषकात इंग्लंड-इराण सामन्याच्या वेळी तिकिटांचे ॲप बिघडल्याने अनेकांना सामना सुरू झाल्यावरही आत जाता आले नव्हते. एकदा माझ्यापुढच्या आजोबांचा फोन ऐन दारात बंद पडला. नातवाचा हात घट्ट धरून ते रांगेबाहेर झाले, तो चेहरा मी विसरू शकत नाही. शिवाय तिकिटाचा फाडलेला तुकडा वहीत जपण्यातला आनंद (माझ्याकडे असे बरेच तुकडे आहेत) मोबाइलच्या पडद्यावर कुठून मिळणार? मागणाऱ्याला कागदी तिकीट देण्याची, निदान प्रवेशद्वाराजवळच्या खिडकीवर ओळखपत्र पाहून ते छापून देण्याची सोय आयोजकांनी कायम ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक क्रीडाप्रेमी वाचक