खिचडीतलं कूट आणि कुलूपबंद कपाट: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

आपल्याकडे उसळीत, कोशिंबिरीत, खिचडीत दाण्याचं कूट पडतंच. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला त्यातली चिमूटही बाधू शकते. दाणे भाजले म्हणून धोका जात नाही. रिफाइंड तेलात दाण्याचं प्रथिन जवळपास उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं. कुटाच्या उसळीतली पळी तशीच भातात गेली की भातही गेला. सॅनिटायझरने हातावरचं प्रथिन निघत नाही, साबण-पाणीच लागतं. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना हे सांगायला हवं.

2023 मध्ये पोषण आहारात अंडी आली, तेव्हा न खाणाऱ्यांसाठी केळी ठरली. म्हणजे कोण काय खात नाही, हे शाळा टिपू शकतात. त्याच वहीत अ‍ॅलर्जीचा रकाना हवा: कशाची, आधी काय झालं होतं, वजन किती, फोन कुणाला.

खरा घोळ पुढे होतो. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतात, फार तर सेटिरिझिन देतात आणि वाट पाहतात. गोळीने खाज थांबते. सुजलेला घसा मोकळा होत नाही, उतरलेला रक्तदाब चढत नाही. पित्तासोबत धाप लागली, आवाज घोगरा झाला, सारख्या उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडलं, तर पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. 1 मिलीच्या अ‍ॅम्प्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या बंद कुपीत, 1 मिलिग्रॅम औषध असतं. दर 10 किलो वजनामागे 0.1 मिली, शाळकरी मुलाला जास्तीत जास्त 0.3 मिली. लगेच 108 ला फोन. उतार नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. मुलाला आडवं ठेवून पाय उंच करावेत. धाप असेल तर बसू द्यावं. चालवत नेऊन स्कूटरवर बसवणं जिवावर बेततं, कारण उभं राहताच हृदयाकडे परतणारं रक्त एकदम घटतं.

परदेशातली तयार इंजेक्शन-पेनं इथे सहज मिळत नाहीत. पण लसीकरणाच्या वेळी एएनएम ताईंकडे (आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिकांकडे) हीच अ‍ॅम्प्यूल असते, आणि लशीची तीव्र रिअ‍ॅक्शन आली तर एक डोस देण्याची त्यांना मुभा आहे. तोच किट आणि तेच प्रशिक्षण प्रत्येक शाळेतल्या दोघा शिक्षकांना द्या, आणि डोस देणाऱ्याला संरक्षण देणारा शासन निर्णय काढा. त्याशिवाय कुणी शिक्षक काच फोडून सुई भरायला धजणार नाही; त्यात त्याचा दोषही नाही.

अ‍ॅम्प्यूल उजेडापासून लांब ठेवावी, औषध तपकिरी दिसलं तर फेकावी. आणि त्या कपाटाला कुलूप नको. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला, ही गत आपल्यालाही ठाऊक आहे.

आपले,
मुलांच्या अ‍ॅलर्जीवर काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका