उंची कोणी मोजली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला स्वयंचलित व्हेंटिलेटरवरचा लेख वाचला आणि रात्री पुन्हा काढून वाचला. 'रुग्णाच्या वजनानुसार हवा दिली जाते' असे आपण छापले आहे. त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी भातलावणीनंतर लेप्टोने, म्हणजे शेतातल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाने, आजारी पडला. चार दिवसांत फुप्फुसांत रक्त उतरले आणि इकडच्याच एका रुग्णालयात त्याला व्हेंटिलेटरवर घेतले. भाऊ ठेंगणा, पाच फूट दोन इंच, पण अंगाने भरलेला, ८४ किलो. आम्हाला विचारले ते फक्त वजन. यंत्रावरचा ५०० हा आकडा मी दोन दिवस बघत होतो, तो कसला ते कळत नव्हते. यंत्र सारखे वाजायचे. रात्रपाळीला एकच सिस्टर, त्या येऊन आवाज बंद करायच्या आणि पुढच्या खाटेकडे धावायच्या. त्यांना मी बोल लावत नाही, त्या कुठे कुठे पुरणार? आई घरून फोनवर एवढेच विचारायची, "मशीन चालू आसा मा?"

तिसऱ्या दिवशी फोंडाघाट चढून त्याला कोल्हापूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी आल्या आल्या टेप मागवली. टाचेपासून डोक्यापर्यंत माप घेतले आणि ५०० चे ३३० केले. तो आकडा म्हणजे एका श्वासाला दिल्या जाणाऱ्या हवेचे मिलिलिटर. माणूस जाडा झाला म्हणून फुप्फुसे मोठी होत नाहीत, ती उंचीच्या मानाने असतात, हे त्यांनी मला कागदावर मांडून दाखवले. भावाच्या उंचीला हिशेबाचे वजन साधारण ५५ किलो, आणि किलोमागे हवा ६ मिलिलिटर. आजारी फुप्फुसाचा चालता भाग आधीच थोडा उरलेला, त्यात जास्त हवा कोंबली की तोही ताणून जखमी होतो. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात किलोमागे १२ मिलिलिटर दिलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के दगावले, ६ दिलेल्यांपैकी ३१ टक्के. म्हणजे ही माहिती जुनी आहे, आणि तिला लागते ती शिंप्याकडची टेप.

स्वयंचलित यंत्राला माझा विरोध नाही. बोटावरचा ऑक्सिजन आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बघून ते रात्रभर स्वतः फेरफार करीत असेल, तर एकट्या सिस्टरच्या वॉर्डात ते जरूर यावे. नेहमीच्या यंत्रावर संध्याकाळी लावलेला आकडा सकाळच्या राऊंडपर्यंत तसाच राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ते नवे यंत्रही सुरुवातीला रुग्णाची उंची आणि स्त्री की पुरुष एवढे विचारतेच. तिथे कोणी अंदाजाने सहा फूट भरले, तर यंत्र पुढचा सगळा हिशेब त्या सहा फुटांवर करील. आपल्या अर्ध्या पानाच्या लेखात हे दोन ओळींत बसले असते.

भाऊ वाचला. घरामागची घाटी चढताना अजून दोनदा थांबतो. कोणत्या आकड्याने त्याचे किती नुकसान झाले हे मी सांगू शकत नाही, पण उंची मोजली नव्हती हे मी शपथेवर सांगेन.

आणि एक. लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्यांची बातमी आपण दरवर्षी लावणी आटोपल्यावर छापता. जूनमध्ये, तरवा (भाताची रोपे) काढायच्या आधी, पहिल्या पानावर छापा. वजनाच्या वाक्याची दुरुस्तीही उद्याच्या अंकात यावी.

आपला,
एक वाचक, ता. कुडाळ