किलीमांजारोवरून उतरल्यावर आई-बाबांना

आई, बाबा,

काल संध्याकाळी खाली टांझानियातल्या पायथ्याच्या मोशी गावाला पोचले, पाय सुजलेत पण बाकी ठणठणीत आहे, आई तू आधी एवढं वाच आणि मग पुढचं. फोनवर नुसतं "हो, वर गेले, आले" एवढंच झालं, माझं समाधान होईना म्हणून लिहितेय.

बाबा, पहिल्या दिवसापासून तुमची आठवण येत होती, मातीमुळे. पायथ्याला चग्गा लोकांची केळीची आणि कॉफीची रानं आहेत, वरच्या ओढ्यांचं पाणी त्यांनी पिढ्यानपिढ्या पाट काढून रानात खेळवलंय. मी मूठभर माती उचलून चुरडून बघितली, तुम्ही पेरणीआधी बघता तशी. सगळी राख नि लाव्हा झिजून झालेली. आपली मंगळवेढ्याकडची काळी माती पण लाव्ह्याचीच की! आपला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून येऊन थरावर थर पसरला, इथे मात्र साठत साठत ५८९५ मीटरचा डोंगर झाला. कळसूबाई १६४६, म्हणजे हिशेब करा.

खरं तर तीन ज्वालामुखी आहेत, शिरा, मावेन्झी आणि किबो. पहिले दोन कायमचे विझलेत, किबो झोपलाय, त्याच्या विवरात अजून गंधकाचा वाफारा निघतो. शिखर किबोवरच आहे.

तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर नावाच्या काळ्या सुळक्यापाशी, साडेचार हजार मीटरच्या वर, डोकं इतकं ठणकायला लागलं की उलटी झाली. गाईडने त्याच दिवशी खाली बरान्को कॅम्पला उतरवलं, उंचावर जाऊन यायचं पण झोपायचं खाली, म्हणजे अंगाला सवय होते. दिवसभर तो एकच म्हणायचा, "पोले पोले", म्हणजे हळूहळू. बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तुम्ही सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारायचात तसंच चालले मी, अगदी तसंच.

शेवटच्या कॅम्पचं नाव बराफू, स्वाहिलीत बराफू म्हणजे बर्फच! तिथे आईची शेंगा चटणी आणि कडक भाकरी काढली, पाच दिवस झाले तरी भाकरी कडकच, गाईडने पण दोन तुकडे खाल्ले. मध्यरात्री निघालो. पायाखाली नुसता मुरूम, पाय टाकला की घसरतोय, बाटलीतलं पाणी गोठलेलं. उजाडताना कड्यावर पोचलो आणि समोर भिंतीसारखा उभा बर्फ, निळसर, आणि त्याच्या बुडाशी कोरडी राख. १९१२ पासून ऐंशी टक्क्यांहून जास्त बर्फ गेलाय म्हणे. मला रडूच आलं, उरलेला तरी बघायला मिळाला म्हणून की काय, कळलं नाही.

यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला येता आलं नाही, नंदीध्वजांची मिरवणूक चुकली, त्याचं वाईट वाटतंय. पुढच्या रविवारी येते. डोंगरावरचा दगड आणलेला नाही, उचलायची परवानगी नसते, कॉफी आणलीय. बाबा, हुरडा संपला नसेल तर चार कणसं ठेवा.

तुमची,
ताई