नायिकांच्या पैशांचा हिशेबही वाचकांपुढे यावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबऱ्यांतील स्त्रियांवर मराठीत जे लेखन येते, त्यात त्यांच्या स्वाभिमानाचे आणि बंडखोरीचे मनापासून कौतुक असते. ते रास्तच आहे. पण त्या स्त्रीच्या हातात किती पैसे होते आणि त्यांतले कायद्याने तिचे किती, हे फारसे कुणी सांगत नाही. मग आमच्या वर्गात हमखास प्रश्न येतो: ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’मधली हेलन छळणाऱ्या नवऱ्याला घटस्फोट का देत नाही? ‘जेन एअर’मधला रॉचेस्टर वेड्या बायकोला रीतसर सोडून जेनशी लग्न का करत नाही? याची उत्तरे पात्रांच्या स्वभावात शोधली की वाचन भलतीकडे जाते.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लग्न झाले की स्त्रीचे वेगळे कायदेशीर अस्तित्व संपे. रोकड, दागिने, पुढे तिने मिळवलेली मजुरीसुद्धा नवऱ्याची. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे की दावा लावता येत नसे. श्रीमंत बाप लग्नाआधीच मुलीचा पैसा विश्वस्तांच्या नावे बांधून ठेवत आणि चॅन्सरी न्यायालय ती व्यवस्था मानत असे. गरिबाच्या मुलीला ती वाट नव्हती. १८७० च्या कायद्याने पत्नीची कमाई तिची झाली, १८८२ च्या कायद्याने इतर मालमत्ताही. घटस्फोटासाठी १८५७ पर्यंत पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. तसा तो मिळवणाऱ्या स्त्रिया एकंदर चार. १८५७ नंतर नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते. पत्नीला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे, आणि हा फरक १९२३ पर्यंत टिकला. जोडीदाराचे वेड हे घटस्फोटाचे कारण ठरले १९३७ च्या कायद्याने. रॉचेस्टरपुढे कायदेशीर मार्ग नव्हता, एवढे एक वाक्य आधी सांगितले तर पुढची सगळी चर्चा बदलते.

या दृष्टीने सर्वांत काटेकोर कादंबरी अ‍ॅन ब्रॉन्टीची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’. ती प्रसिद्ध झाली १८४८ मध्ये, पण कथा घडते १८२० च्या दशकात. ही दोन साले वेगवेगळी धरली नाहीत तर चूक होणारच. कारण मधे १८३९ चा कायदा येतो. कॅरोलाइन नॉर्टन यांची तीन मुले नवऱ्याने तोडली, त्यांनी त्याविरुद्ध पत्रके लिहिली, झगडल्या, आणि त्यातून सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आईला न्यायालयात अर्ज करण्याची मुभा मिळाली. हेलन मुलाला घेऊन घराबाहेर पडते तेव्हा ही मुभाही नाही. मुलगा कायद्याने बापाचा आहे. म्हणजे ती स्वतःच्याच मुलाला पळवून नेते आहे.

तिची योजना पाहा. चित्रे विकून पोट भरायचे. नवरा तिची रोजनिशी वाचतो, किल्ल्या हिसकावतो, पैसे आणि दागिने काढून घेतो आणि रंग, कुंचले, कॅनव्हास आगीत टाकतो. वाचक याला दुष्टपणा म्हणतात, आणि तो आहेच. पण तो तिचे उपजीविकेचे साधन नष्ट करतो आहे आणि त्यासाठी त्याला जाब विचारणारे कोणी नाही. पुढे पळून गेल्यावर ती आईचे माहेरचे आडनाव लावते, चित्रावर खोटी आद्याक्षरे घालते, वाइल्डफेल हॉलच्या चित्राला दुसऱ्याच परगण्यातल्या वाड्याचे नाव देते आणि ते लंडनला विक्रीला पाठवते. हा लाजाळूपणा नाही. चित्राची किंमतसुद्धा नवऱ्याची, आणि पत्ता कळला तर मूलही जाणार.

नवरा आजारी पडल्यावर ती परत येते, पण त्याने मुलाच्या ताब्याबद्दल कागदावर सही केल्याशिवाय त्याला मुलगा दाखवत नाही. साक्षीदार म्हणून दाई रेचेल उभी. हा प्रसंग शिकवताना एक गोष्ट सांगायलाच हवी: बापाने मुलाचा ताबा सोडल्याचा असा खासगी करार न्यायालये तेव्हा सहसा मानत नसत. विभक्त पती-पत्नींच्या करारातील असे कलम केवळ त्या कारणाने रद्द ठरणार नाही, ही तरतूद १८७३ ची. हेलनने मिळवलेला कागद किती कच्चा आहे हे कळले की तिच्या धैर्याचा अंदाज येतो.

‘जेन एअर’मध्ये (१८४७) तर शार्लट ब्रॉन्टीने आकडे सोडलेलेच नाहीत. लोवुडच्या शाळेत शिक्षिकेला वर्षाला १५ पौंड, रॉचेस्टरच्या थॉर्नफील्ड वाड्यात गव्हर्नेस (घरी राहून मुलांना शिकवणारी) म्हणून राहून-खाऊन ३० पौंड. लेखिकेला स्वतःला १८४१ मध्ये एका घरी २० पौंड मिळत आणि त्यातूनही धुलाईचे सुमारे ४ पौंड कापले जात. त्या मानाने ३० बरेच. थॉर्नफील्ड सोडताना जेनजवळ २० शिलिंग (म्हणजे एक पौंड) आहेत. गाडीचे भाडे ३० शिलिंग. गाडीवान आहे तेवढे घेतो आणि तिला वाटेत व्हिटक्रॉसला उतरवतो. गाठोडे गाडीतच राहते, आणि रेशमी रुमालाच्या बदल्यात पाव मागायची पाळी येते. पुढे चुलत्याचे २०,००० पौंड मिळतात, त्यांचे ती चार वाटे करते आणि ५,००० ठेवते. तीन टक्क्यांच्या सरकारी कर्जरोख्यात ते गुंतवले तर वर्षाला १५० पौंड, म्हणजे गव्हर्नेसच्या पगाराच्या पाचपट. या उत्पन्नाच्या बळावर ती रॉचेस्टरला सांगते की आता मी स्वतंत्र आहे. ते खरे आहे, पण लग्नाच्या दिवसापर्यंतच. विश्वस्तनिधी केल्याचा उल्लेख कादंबरीत नाही. तसा नसेल तर ते ५,००० त्याचे झाले. आणि याच रॉचेस्टरला वेड्या बायकोबरोबर, म्हणजे बर्थाबरोबर, ३०,००० पौंड आले होते. माडीवर कोंडलेल्या त्या बाईचा पैसा कुठे गेला, हा प्रश्न जेनच्या सुखी शेवटाला लागूनच विचारायला हवा.

जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मधील (१८७१-७२) डोरोथिया जरा वेगळी. नवरा मृत्युपत्राला पुरवणी जोडतो: माझ्या मागे माझ्या नात्यातल्या लॅडिस्लॉशी लग्न केलेस तर माझी इस्टेट गेली. ती इस्टेट डोरोथिया सोडू शकते, कारण आईबापांकडून आलेले वर्षाचे ७०० पौंड तिच्याजवळ आहेत.

इथे मराठी वाचकाला आपला १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा आठवायला हवा. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार पुनर्विवाह केला की मृत पतीच्या मालमत्तेवरील विधवेचे हक्क, जणू ती त्या वेळी मेली असे समजून, संपत. डोरोथियाच्या नवऱ्याला वेगळा कागद करावा लागला. आपल्याकडे तो कायद्यातच होता. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधील यमुना वैधव्यानंतर सासरच्यांच्या हाती का सापडते, तिचे केशवपन बळजबरीने का होऊ शकते, यालाही ही बाजू आहे: एकत्र कुटुंबातील विधवेला पोटगीपलीकडे वाटा नव्हता. तो १९३७ मध्ये आला.

लहानपणी लग्न झालेल्या आणि पुढे नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला तर दोन्हीकडच्या कायद्यांच्या सांध्यावरच उभा आहे. बायकोने नांदायला यावे असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नसून इंग्लंडहून आणलेला आहे, असे न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये म्हटले आणि दावा फेटाळला. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी उलट हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. इंग्लंडने मात्र अशा हुकमासाठी तुरुंगात टाकणे १८८४ मध्येच बंद केले होते.

आमची विनंती साधी आहे. या कादंबऱ्यांवर लेख छापताना शेजारी छोटी चौकट द्यावी: कथेचा काळ, प्रकाशनाचे साल, त्या काळी लागू असलेला कायदा आणि नायिकेचे उत्पन्न. अनुवादक आणि संक्षिप्त आवृत्त्यांचे संपादक यांनीही पगार, भाडे, वारसा यांचे आकडे गाळू नयेत आणि पौंडांचे आजच्या रुपयांत रूपांतरही करू नये. दुसऱ्या आकड्याशी तुलना द्यावी: गाडीभाड्याला १० शिलिंग कमी पडले, किंवा वर्षाचा पगार ३० पौंड. वाचक बाकीचे स्वतः जोखतो.

आपल्या,
इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या काही अध्यापिका, पुणे