मुलाखतीच्या तक्त्यातला ‘ण’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेजांत आणि आयटीआयमध्ये कंपन्यांच्या मुलाखती सुरू होतील, म्हणून हे पत्र. भोसरीच्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षे ट्रेनी निवडीच्या पॅनेलवर होतो, त्यातली शेवटची नऊ पॅनेलप्रमुख म्हणून. कुणाची चिठ्ठी चालवून घेतली नाही, कुणाला जात विचारली नाही. त्यामुळे आपल्या हातून पक्षपात होत असेल, अशी शंकाही कधी मनाला शिवली नाही.

निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना जुन्या फायली लावत होतो. एका मुलाचा तक्ता हाती लागला. मायक्रोमीटरचे रीडिंग अचूक, ड्रॉइंग बिनचूक वाचलेले. विषयज्ञानात दहापैकी आठ, हाताच्या कामात नऊ. संभाषणात तीन. शेजारी माझ्याच अक्षरात शेरा, ‘आत्मविश्वास कमी’. मुलगा लगेच आठवला. बीडकडचा. ‘कूलंटचं पानी बदलावं लागंल सर,’ असे माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला होता. त्याचा आत्मविश्वास चांगला होता. माझ्या पुणेरी कानाला खटकला तो ‘न’, आणि त्याचे गुण मी कापले. मग बाकीचे तक्तेही काढले. तसाच शेरा आणखी अकरा जणांना दिलेला, बहुतेक मराठवाड्यातली किंवा वस्तीत राहणारी मुले. त्या रात्री झोप लागली नाही.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी त्यानंतर वाचला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त नावांत. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांपैकी किती जणांना आपण अन्याय करतोय असे वाटले असेल? मला तर वाटले नव्हते.

आपल्या मनात डोकावायचे म्हणजे नुसते डोळे मिटून बसणे नव्हे, त्यासाठी कागद लागतो. पुढच्या मुलाखतींत आम्ही तक्त्यावरून आडनाव आणि पत्ता काढला, प्रश्न सगळ्यांना तेच ठेवले, ‘संभाषण’ऐवजी ‘काम समजावून सांगता येते का’ असा रकाना केला. सर्वांत जास्त फरक पडला तो प्रमुखाने शेवटी बोलायचे ठरवल्याने. आधी मीच ‘पोरगा चुणचुणीत आहे’ म्हणायचो आणि चारही पेने त्याच दिशेला वळायची. आता गुण लिहून कागद पालथे होईपर्यंत कुणीच बोलायचे नाही, मी तर नाहीच. पहिल्याच दिवशी दोघांचे गुण माझ्याशी अजिबात जुळले नाहीत. त्या दोघांना इतकी वर्षे गप्प बसवले होते ते मीच.

यंदा पॅनेलवर बसणाऱ्या साहेबांना आणि मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे, गेल्या वर्षी नाकारलेल्या मुलांचे तक्ते रद्दीत जाण्याआधी एकदा काढून आपलेच शेरे वाचावेत.

– एक निवृत्त उत्पादन व्यवस्थापक, कोथरूड, पुणे