अर्ध्या मिलिलिटर रक्ताचे काय केलेत? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैत आपण आमच्या तालुक्यात आलात, तेव्हा भर पावसात मंडपात उभी राहून मी एकच मागणी केली होती. बेडूक, सरडे, कासवे यांचे रक्त तपासायला जिल्ह्यात एक टेबल आणि एक शिकलेला माणूस द्या. “सहा महिन्यांत होईल, डॉक्टर,” असे आपण माइकवरून म्हणालात. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. आता दुसरा पावसाळा निम्मा सरला.

गेल्या सोमवारी पहाटे दोन मुलांनी भाताच्या खाचरातून सात मोठे पिवळे बेडूक बादलीत घालून आणले. पोट आणि मांड्या लालभडक. उलटे ठेवले तर सरळ होण्याचेही त्राण नाही. रक्तात जंतू शिरले होते की शेतातले औषध भोवले होते, नुसते बघून सांगता येईना. दुपारपर्यंत चार गेले.

उरलेल्या तिघांचे रक्त मी घेतले. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून बिनपावडरचे हातमोजे ओले करूनच त्याला धरावे लागते. त्या कातडीला स्पिरिट लावता येत नाही. सोडा घालून आंबटपणा मारलेल्या एमएस-222 या भुलीच्या औषधाच्या पाण्यात भूल दिली, पोटाच्या मध्यरेषेत कातडीखालून जाणाऱ्या शिरेत बारीक सुई जवळजवळ आडवी सरकवली आणि दट्ट्या हळूहळू ओढला. आजारी बेडकाच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त रक्त घेऊ नये. सर्वांत लहान 120 ग्रॅमचा होता, म्हणजे फार तर 0.6 मिलिलिटर. मी अर्धा मिलिलिटरच घेतले. बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये म्हशींच्या अडलेल्या वेताला जेवढी घाबरले नाही, तेवढी त्या क्षणी घाबरले होते.

आणि ते रक्त तुमच्या प्रयोगशाळेत फेकून दिले!

कारण काय, तर बाटलीची टोपी हिरवी होती, जांभळी नव्हती. जांभळ्या बाटलीतल्या रसायनाने अनेक बेडकांच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून मी मुद्दाम रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची हिरवी बाटली वापरली होती. दुसरे कारण, “मशीन घेत नाही.” कशी घेईल? बेडकाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असते, त्या सूक्ष्मदर्शकाखाली हाताने मोजाव्या लागतात. मी काचपट्ट्याही पाठवल्या होत्या. त्या कोणी बघितल्यासुद्धा नाहीत. मला साधा फोन नाही. रात्री अकराला मीच फोन केला, तेव्हा कळले. त्याच रात्री आणखी दोन बेडूक गेले.

जानेवारीत प्रशिक्षण झाल्याचे आपल्या अहवालात असेल. मी तिथे होते. प्रशिक्षकाने कोरड्या हाताने जिवंत, शुद्धीवरचा बेडूक उताणा दाबला आणि सरळ हृदयात सुई खुपसली. हृदयातून रक्त घेतात, पण भूल देऊन आणि सरावलेल्या हाताने. तो बेडूक माझ्यासमोर पाय झाडत मेला. मी बोलले, तर “मॅडम, बेडूकच तर आहे,” असे उत्तर मिळाले. ते उत्तर अजून माझ्या कानात आहे.

वनखात्याला विचारले, तर पशुसंवर्धन खात्याकडे जा म्हणतात. पशुसंवर्धनवाले म्हणतात, वन्यजीव आहे, वनखात्याला विचारा. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा दाखवून आम्हाला परवानगीचे कागद मागतात, पण आजारी जनावर कोणाचे, हे एकही कागद सांगत नाही. पश्चिम घाटात बेडकांवर कायट्रिड ही त्यांच्या जिवावर उठणारी बुरशी असल्याची नोंद 2011 सालची आहे. आंबोलीचा छोटा भेक हा बेडूक अतिसंकटग्रस्त आहे, जगात दुसरीकडे कुठे सापडत नाही. तिथे उद्या साथ आली, तर नमुना घेणार कोण? इमारतींना निविदा निघतात, फिती कापल्या जातात, आत शिकलेला माणूस नसतो. गुरांच्या दवाखान्यांतही हेच चालले आहे, शाळांतही हेच.

एक बेडूक अजून माझ्याकडे आहे. टबात विहिरीचे पाणी घालून ठेवला आहे. काल तो स्वतःहून सरळ झाला. आठवड्याने पुन्हा रक्त घ्यावे लागेल. ते कुठे पाठवू, एवढे लेखी कळवा.

आपली,
सिंधुदुर्गातील एक पशुवैद्यक