माळ्यावरची सायकल

प्रिय आई आणि बाबा,

बाणेर ते सहकारनगर म्हणजे काही परगाव नाही आणि रविवारी मी येतेच आहे, तरी हे लिहून पाठवतेय कारण समोर बसून काही महत्त्वाचं बोलायला लागलं की आई तू "चहा टाकते" म्हणून उठतेस, बाबा पेपर उघडतात आणि माझं राहूनच जातं. आईच्या डोळ्यांत अजून ड्रॉप्स चालू आहेत त्यामुळे बाबा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, पण सगळं वाचा, मधलं गाळू नका.

मला माळ्यावरची माझी रेसिंगची सायकल हवीये. शोभेला नाही, भाचीला द्यायला नाही, मला चालवायला. गेले सहा महिने मी मैत्रिणीची जुनी सायकल घेऊन पहाटे पाषाण, चांदणी चौक, शनिवारी बोपदेव घाट असं करतेय, तुमच्या जावयांना माहितीये, तुम्हाला मुद्दाम नाही सांगितलं. डिसेंबरमध्ये एक रेस आहे, त्यात चाळिशीच्या पुढच्या बायकांचा वेगळा गट आहे, त्यात मी नाव दिलंय.

आता आई तू हात जोडून देवाकडे बघितलं असशील. थांब जरा, ऐक.

कोणी विचारलं की मी वीस वर्षं एकच सांगत आलेय की सायकल मीच सोडली, कंटाळा आला होता. आई तूही आत्याला, काकूंना तेच सांगत आलीस. ते खोटं होतं हे तुलाही माहितीये आणि मलाही. 2006 ला मी पडले आणि घरात सगळे घाबरले, मुलीच्या जातीला खांदा वाकडा राहिला तर पुढे काय असं येईल तो बोलून गेला, आणि मी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला. तुमच्यावर राग नाहीये, अगदी मनापासून सांगते नाहीये, पण कंटाळा मला एक दिवससुद्धा आला नव्हता.

दर जुलैत रात्री नऊच्या सुमारास मी जेवता जेवता ताट घेऊन टीव्हीसमोर जायचे, नंतर नंतर मोबाईलवर, आठवतंय ना? टूर द फ्रान्स म्हणजे तीन आठवडे चालणारी सायकल रेस, रोजच्या टप्प्याला स्टेज म्हणतात, आणि त्या दिवसाचा शेवट आपल्याकडे साधारण तेव्हाच येतो. मी बघायचे तो एक माणूस, मार्क कॅव्हेंडिश. स्प्रिंटर, म्हणजे अगदी शेवटच्या टप्प्यात सगळा जोर लावून सुटणारा. माझ्याच वर्षीचा, मे 1985 चा, इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं छोटं बेट आहे तिथला. प्रोफेशनल व्हायच्या आधी पैसे जमवायला त्याने दोन वर्षं बँकेत नोकरी केली होती. तो बँकेतून सायकलवर गेला आणि मी सायकलवरून बँकेत. 2008 च्या जुलैत मी शाखेत जॉइन झाले, पहिल्या आठवड्यात कॅशचा हिशेब जुळत नव्हता म्हणून उशिरा घरी आले आणि टीव्ही लावला तर हा शातोरू नावाच्या गावात टूरमधली पहिली स्टेज जिंकत होता. त्या वर्षी चार जिंकला, पुढच्या वर्षी सहा. त्याच शातोरूला परत 2011 मध्ये जिंकला आणि परत 2021 मध्ये. एकच गाव, तेरा वर्षांत तीन वेळा, आणि त्या तिन्ही वेळेला मी कुठे होते, काय करत होते ते मला आठवतंय.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. तुम्ही घाटवाले. मुंबई-पुणे रेस बघायला आम्हा दोघांना खंडाळ्याला घेऊन जायचात, घाटाचा राजा कोण होतो ते बघायला, आणि फिनिशला कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात. मी स्प्रिंटर झाले तेव्हा तुम्ही म्हणालात की दिवसभर दुसऱ्याच्या मागे लपायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरला पुढे यायचं, ही कसली मर्दुमकी. मला ते फार लागलं होतं, तेव्हा उत्तर देता आलं नाही, आता देते.

सहकारनगर ते खडकी फॅक्टरी तीस वर्षं सायकलने गेलात ना तुम्ही, तुम्हीच सांगायचात की वाकडेवाडीच्या पुढे समोरून वारा आला की तुम्ही चौघंपाचजण एकामागे एक लागायचात आणि पुढचा दमला की मागचा पुढे यायचा. तेच हे. मागे बसलं की ताकद जवळजवळ तीस टक्के वाचते, मोठ्या घोळक्याच्या मध्ये तर त्याहून जास्त. म्हणून स्प्रिंटरला टीममधले दिवसभर वाऱ्यापासून झाकून ठेवतात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात, शेवटच्या काही किलोमीटरला एकेक जण पुढे येऊन जीव तोडून ओढतो आणि बाजूला होतो, त्याला लीडआउट म्हणतात. आणि मग ते दोनशे मीटर. साठ-सत्तरचा स्पीड, बाजूला दुसऱ्याचं कोपर, समोर ज्याच्या मागे लागलोय त्याचं मागचं टायर चार बोटांवर, आणि फट दिसली की विचार करायला वेळ नसतो, गेलं तर गेलं नाहीतर संपलं. सहा-सात माणसांनी दिवसभर राबून जे हातात दिलंय ते दहा-बारा सेकंदांत वाया घालवायचं नाही, हे ओझं घेऊन तो मागे बसलेला असतो. बाबा ते लपणं नाहीये हो.

आणि घाट त्यालाही चुकत नाही. स्प्रिंटरची खरी लढाई घाटातच असते, हे टीव्हीवर कोणी फारसं दाखवत नाही कारण कॅमेरे पुढे असतात. त्याचं शरीर सपाटीचं, स्फोटासारखी ताकद देणारं, ते घेऊन आल्प्स चढायचे, आणि पहिल्यानंतर ठरावीक वेळेत पोचायचं, नाही पोचलं तर दुसऱ्या दिवशी स्टार्टला उभं राहता येत नाही, घरी. म्हणून सगळे जड गडी मागे एकत्र जमतात आणि हिशेब करत करत चढतात.

2018 ला ला रोझिएर नावाच्या डोंगरावरची स्टेज होती. त्याच्या आदल्या वर्षी त्याला एपस्टाइन-बार व्हायरसचा आजार झाला होता, अंगातली ताकदच गेली होती, त्यातून टूरमध्ये पडून खांद्याचं हाड मोडलेलं, आणि डिप्रेशन होतं पण ते या स्टेजनंतर, 2018 च्याच ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी तो मागे पडला, एकटाच. वेळ केव्हाच संपून गेली होती, पोचला तरी उपयोग नाही हे त्यालाही माहीत होतं. तरी गाडीत नाही बसला. पहिला पोचल्यावर एका तासाहून जास्त वेळाने तो लाइनवर आला, एकटा पेडल मारत. आई, मी त्या रात्री स्वयंपाकघरात उभी राहून रडले, हे विचारत होते ऑफिसमध्ये काही झालं का, काय सांगणार.

पुढचं पटकन सांगते. दोन वर्षं काही नाही. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधल्या एका रेसनंतर कॅमेऱ्यासमोर रडत म्हणाला की कदाचित ही माझी शेवटची रेस. सगळ्यांनी धरलं संपला. 2021 मध्ये जुन्या टीमने परत घेतलं, टूरला नेणारही नव्हते, पण त्यांच्या मुख्य स्प्रिंटरचा गुडघा दुखावला म्हणून ऐनवेळी याला नेलं. पाच वर्षांनी टूरमधली स्टेज जिंकला, मग आणखी तीन, सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याची ग्रीन जर्सी घेऊन पॅरिसला पोचला, आणि एकूण 34 झाल्या. एडी मर्क्स म्हणून बेल्जियमचा माणूस आहे, पाच वेळा अख्खी टूर जिंकलेला, त्याच्या 34 होत्या, 1975 पासून कोणी तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. आता एक हवी होती. 2022 ला टीमने नेलंच नाही. 2023 ला आधीच निवृत्ती जाहीर करून आला, बोर्डोला दुसरा आला, आणि दुसऱ्याच दिवशी पडला. कॉलरबोन.

आई, माझंही तेच हाड. बाबांनी वाचताना इथे थांबू नये.

तुला जे दिसलं ते हॉस्पिटलातलं, मला जे आठवतं ते तुला कधी सांगितलंच नाही. शेवटचे दीडशे मीटर राहिले होते, मी तिसरी होते आणि मला फट दिसली होती, डावीकडून, खरंच दिसली होती. रस्त्यावर वाळू होती, आयोजकांनी झाडली नव्हती. पुढचं चाक सरकलं तेव्हा आवाजसुद्धा आला नाही, नुसतं हँडल हलकं झालं हातात. मग तापलेल्या डांबराचा वास आणि तोंडात वाळू. नर्सने जर्सी खांद्यापासून कात्रीने कापली, तीच जर्सी जिला तू मागे तीन खिसे शिवून दिले होतेस कारण विकतच्या जर्सीचे खिसे लोंबायचे. मला वाटलं तू ती टाकून दिलीस. 2019 ला दिवाळीच्या साफसफाईत तुझ्या ट्रंकेत सापडली, धुतलेली, घडी केलेली, आणि कापलेली जागा पिवळ्या दोऱ्याने बारीक हातशिलाईने जोडलेली. मी परत तशीच ठेवली, तुला बोलले नाही. तेव्हापासून मला हे पत्र लिहायचं होतं.

मी पडणारच नाही असं मी तुला सांगू शकत नाही, ते खोटं होईल. पण चाळिशीच्या गटातल्या रेसमध्ये वीस-पंचवीस जणी असतात, गर्दी कमी असते, आणि मला आता रस्ता वाचता येतो. हेल्मेट चांगलं घेतलंय. गर्दीच्या स्प्रिंटमध्ये जागा नसेल तर मी ब्रेक लावेन, हा शब्द देते, विसाव्या वर्षी नसता लावला.

त्याचं शेवटचं सांगायचं राहिलं. पडल्यावर त्याने निवृत्ती एक वर्ष पुढे ढकलली. 2024 ची टूर इटलीतून सुरू झाली, फ्लॉरेन्स ते रिमिनी, पहिल्याच दिवशी भयंकर ऊन, याला सायकलवरच उलट्या, टीममधले साथीदार त्याच्याबरोबर मागे थांबले, पाणी ओतत, धीर देत, आणि 39 मिनिटं मागे पण वेळेच्या आत त्याला लाइनवर आणला. चार दिवसांनी 3 जुलै. पालख्या नुकत्याच पुण्यातून पुढे गेल्या होत्या, पाऊस चालू होता, मी बाल्कनीत मोबाईल घेऊन उभी. सां-वुल्बासला फिनिश. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला तो एकाच्या चाकामागून दुसऱ्याच्या चाकामागे असा सरकत होता, दुसऱ्यांचे लीडआउट वापरत, आणि मग मोकळी जागा मिळाली आणि तो गेला, डोकं पार हँडलपर्यंत खाली, ती त्याची पहिल्यापासूनची पद्धत. बेल्जियमचा स्प्रिंटर फिलिपसेन दुसरा. 35. एकोणचाळीस वर्षांचा होता. मी एवढ्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

बाबा, या जानेवारीत आपल्याकडे पुणे ग्रँड टूर झाली, 437 किलोमीटरची, ती बघायला मी रजा टाकून रस्त्याच्या कडेला उभी होते. घोळका आला तेव्हा आधी आवाज आला, साखळ्यांचा आणि टायरांचा, मधमाश्यांचं मोहोळ अंगावरून गेल्यासारखा, आणि मागोमाग वारा, माझी ओढणी उडाली, आणि पाच-सहा सेकंदांत सगळे गेलेसुद्धा. मी तिथेच बराच वेळ उभी होते. घरी आल्यावर मैत्रिणीला फोन करून तिची सायकल मागितली.

तर आता सायकलीचं. फ्रेमला काही झालेलं नसणार, बाबा तुम्ही ती गोणपाटात गुंडाळून ठेवली होतीत. ती घ्यायला तुम्ही पीएफमधून पैसे काढले होतेत, मला आईने लग्नाच्या वेळी सांगितलं. टायर-ट्यूब वाळून गेले असतील, ते मी नवीन टाकते, साखळी रॉकेलमध्ये बुडवून बघू, नाहीतर बदलू. बाबा तुम्ही स्टुलावर अजिबात चढायचं नाही, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष नाही झालंय, शेजारच्या मुलाला सांगा आणि खाली उभे राहून फक्त धरा. सायकल गॅलरीत उलटी ठेवा, सीट आणि हँडलवर. पेडल काढायचा प्रयत्न करू नका, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, जोर लावला तर आटा जाईल, पाना मी घेऊन येतेय.

आणि आई, ट्रंकेतून ती जर्सी काढून ठेव.

तुमची,
ताई